एकोणीस तारखेचं उघडं दार

गुडघे दुखायला लागल्यापासून मला जिने फार आठवतात. आयुष्यात चढले-उतरले ते सगळे नाही, एकच. कुवेतच्या फिंतासमधल्या आमच्या इमारतीचा. पिवळट मोझेइकच्या पायऱ्या, आणि सकाळी कितीही स्वच्छ पुसल्या तरी संध्याकाळपर्यंत पायाखाली वाळू करकरायची. लिफ्ट होती, पण ती चालू असली की आम्हाला आश्चर्य वाटायचं. तिसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर. डावीकडे आम्ही, उजवीकडे मिलेनाबाई. मधे चार पावलांची जागा. त्या चार पावलांबद्दल लिहायचं म्हणून मी गेली कित्येक वर्षं वही घेऊन बसते आणि चहा करायला म्हणून उठते. आज चहा आधीच पिऊन घेतला आहे.

आमच्या घरात कायम कुणीतरी झोपलेलं असायचं. आई मूळची मिरजेची, सरकारी इस्पितळात नर्स. बाबा तिथेच लॅबमध्ये टेक्निशियन. दोघांच्या पाळ्या उलटसुलट. त्यामुळे दिवसाही पडदे ओढलेले, एसीची घरघर आणि त्याखाली आमची कुजबुज. मी एकुलती एक. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, ती होण्याआधी चिमट्याने शिटी उचलून वाफ सोडायची, हे मी सातव्या वर्षी शिकले. जेवायला बहुतेक वेळा पिठलं आणि खालच्या बेकरीतला गरम खुबूस, म्हणजे अरबी रोटी. भाकरी सुट्टीच्या दिवशी, तीही आईच्या पायांत जीव असला तर. आई कामावरून आली की आधी बूट काढून पाय बादलीतल्या मिठाच्या पाण्यात सोडायची आणि डोळे मिटून म्हणायची, "शुभे, पाच मिनिटं काही विचारू नकोस." मी काही विचारत नव्हतेच. मी शाळेतून आले की इंग्रजीतच बोलायचे, आणि आई मराठीत विचारायची. दोघींची गाडी अशी दोन रुळांवरून चालली होती आणि त्याचं कुणालाही फारसं वाईट वाटत नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

मिरजेला असताना आई नवरात्रात घट बसवायची. माती, सात धान्यं, नऊ दिवस अखंड दिवा. कुवेतला आल्यावर पहिल्या वर्षी तिने तो बसवला. तिसऱ्या दिवशी बाबा दिवसपाळीला आणि आई झोपलेली असताना दिवा विझला. उठून पाहिलं तेव्हा वात काळी पडली होती. पुढच्या वर्षी म्हणाली, "इथं नाही जमत हे." मग देवी भिंतीवरच्या फोटोत गेली आणि तिथेच राहिली. आता मी आईच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी मोठी आहे, तेव्हा कळतं की "जमत नाही" या दोन शब्दांत माणूस काय काय पुरून टाकतो.

मिलेनाबाई आल्या तेव्हा आमची ओळख झाली ती वासावरून. एका दुपारी जिनाभर वांगी भाजल्याचा वास. आई पाळीवरून आलेली, थकून भिंत धरत जिना चढणारी, ती एकदम थांबली. "अगं, भरीत करतंय कुणीतरी!" दार वाजवायचा तिचा स्वभाव नव्हता, पण दार उघडंच होतं, धूर बाहेर जायला. आत एक उंच, लालबुंद हातांची बाई गॅसच्या जाळावर तांबड्या ढोबळ्या मिरच्या आणि वांगी भाजत, सालं काढत बसली होती. तिने आईला पाहिलं, आईचा पांढरा युनिफॉर्म पाहिला आणि म्हणाली, "सिस्टर! या, चव घ्या." त्या दिवसापासून आई तिच्यासाठी कायमची सिस्टर आणि ती आमच्यासाठी मिलेनाबाई. दोघींचंही इंग्रजी मोडकं होतं, म्हणून त्यांचं छान जमलं. इथे मी त्यांचं बोलणं मराठीत लिहिते आहे.

त्यांचे यजमान द्रागान इंजिनीयर होते. युगोस्लाव कंपनी तेव्हा वाळवंटात कुठेतरी मोठी पाण्याची टाकी बांधत होती. त्यांची मुलगी येलेना माझ्याच वर्गात आली. द्रागानकाका कम्युनिस्ट पक्षाचे माणूस होते, साइटवरच्या युगोस्लाव लोकांच्या पक्षशाखेचे चिटणीस. त्यांच्या दिवाणखान्यात त्यांच्या देशाच्या मार्शलचा, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा, मोठा फोटो होता. आणि झोपायच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक काळपट लाकडी फळी खिळलेली होती, तिच्यावर पांढऱ्या दाढीच्या संताचं चित्र. कपाट बंद केलं की संत कपड्यांत. येलेनाने मला ते दाखवलं तेव्हा ओठांवर बोट ठेवलं होतं. मला मजा वाटली. आमची देवी फोटोत, यांचा देव कपाटात.

थंडीच्या दिवसांत संध्याकाळी मिलेनाबाई आमच्याकडे यायच्या, आई पाय बादलीत सोडून बसलेली असायची तेव्हा. त्या आपल्या लोकांच्या गोष्टी सांगायच्या. आम्ही सर्ब, असं त्या आवाज खाली करून म्हणायच्या. जणू भिंतीपलीकडे कुणी लिहून घेत होतं. सहाशे वर्षांपूर्वी एका मैदानावर त्यांचा राजा तुर्कांशी लढला, आणि दोन्हीकडचे राजे एकाच दिवशी पडले. त्यांचं राज्य गेलं ते जवळपास पाचशे वर्षं आलंच नाही. "आणि तुम्ही त्याचीच गाणी म्हणता?" आईने विचारलं. "मग कशाची म्हणणार?" मिलेनाबाई म्हणाल्या. आई पाण्यात पाय हलवत म्हणाली, "आमचं पानिपत आहे तसलंच. अजून कुणी संक्रांत म्हटलं की मोठी माणसं त्याचं नाव काढतात." मग आईने तिला पानिपत सांगितलं, हॉस्पिटलच्या इंग्रजीत, म्हणजे इतके ॲडमिट, इतके एक्स्पायर अशा थाटात. मिलेनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दोघींचं हसू येत होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला सगळ्याचंच हसू यायचं.

त्यांची एक गोष्ट मात्र तेव्हाही मी हसण्यावारी नेली नाही. पहिल्या महायुद्धात त्यांचं सगळं सैन्य, म्हातारा राजा, बायामाणसं देश सोडून भर हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरांतून समुद्राकडे चालत निघाली. मिलेनाबाईंच्या सासऱ्यांचे वडील त्यांत होते. वाटेत त्यांच्या घराच्या संताचा दिवस आला. या दिवसाला ते स्लावा म्हणतात. प्रत्येक घराण्याचा एक संत, बापाकडून मुलाकडे आलेला, आपल्या कुलदैवतासारखा. त्या दिवशी घरात मेणबत्ती लावायची, शिजवलेला गोड गहू आणि एक मोठा पाव ठेवायचा, येईल त्याला खायला घालायचं. यजमानाने दिवसभर बसायचं नाही, उभं राहून वाढायचं. त्या डोंगरात ना गहू, ना पाव. येलेनाच्या त्या पणजोबांनी खिशातला मेणबत्तीचा तुकडा एका दगडावर लावला, त्याच्याशेजारी दगडासारखंच एक बिस्कीट ठेवलं आणि उभे राहिले. पायाची बोटं गोठलेली, पण उभे. बऱ्याच वेळाने एक अनोळखी शिपाई आला, टोपी काढली, बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला आणि पुढे गेला. "एक पाहुणा पुरतो," मिलेनाबाई म्हणाल्या. "पण एक लागतो. तो आला नाही, तर घरातला दिवस विझला असं समजतात."

आईने बादलीतून पाय काढले आणि टॉवेलने पुसत बसली. तिच्या घटाचा दिवा तिला आठवला असणार.

द्रागानकाकांना हे चालत नसे. ते वाईट नव्हते, हे मला आज मुद्दाम लिहायचं आहे. ते एकदा बाबांना म्हणाले होते, "आमच्याकडे ही वेगवेगळी नावं लोकांनी एकदा फार उगाळली. तू सर्ब, तो क्रोएट, तो मुसलमान. मग शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलं. माझे दोन काका त्यात गेले. आता एकच नाव पुरे." बाबांनी मान हलवली. पुढे त्या देशाचं जे झालं ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. तेव्हा मला एकदा वाटलं द्रागानकाकांचं खरं होतं, आणि एकदा वाटलं मिलेनाबाईंचं. अजूनही माझं ठरलेलं नाही, आणि ठरवायचा मला कंटाळाही येतो.

इतके दिवस द्रागानकाकांचे वडील गावाकडे तो दिवस पाळत होते, म्हणून प्रश्न नव्हता. त्या उन्हाळ्यात ते वारले. एकुलता एक मुलगा द्रागान. म्हणजे आता तो दिवस फिंतासच्या तिसऱ्या मजल्यावर येणार होता, पहिल्यांदाच. त्यावरून त्यांच्या घरात आठवडाभर धुसफूस झाली. शेवटी द्रागानकाका म्हणाले, "मी त्या दिवशी साइटवर असेन. घरात काय झालं ते मी पाहिलेलं नाही." मिलेनाबाईंना तेवढं पुरे होतं.

हे सगळं मला येलेनाने शाळेच्या बसमध्ये सांगितलं. आणि एक गोष्ट सांगितली, जिच्यावर पुढचं सगळं अडलं. स्लावाचं कुणाला आमंत्रण देत नाहीत. कधीच नाही. बोलावलं तर तो अपमान, संताचाही आणि पाहुण्याचाही. ज्याला यायचं तो आपण होऊन येतो, आणि दार उघडं असतं. मी विचारलं, "मग तुमच्या कंपनीतले लोक येतील?" ती म्हणाली, "ते कसे येतील? बाबा पक्षाचे. आमच्या घरी हा दिवस पाळतात असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. आणि आई त्यांना सांगू शकत नाही, सांगितलं की ते आमंत्रणच झालं." "मग?" "मग तुम्ही आहात ना," येलेना म्हणाली.

आणि आमच्या घरात काय होतं? आमच्या घरात आईचा एकच कडक नियम होता. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. मिरजेला ती सात-आठ वर्षांची असताना एका मुंजीच्या पंक्तीत बसली होती. आजी विधवा, लोकांकडे पापड लाटायला जाणारी. काम करायला गेली तर पोरगीही जेवेल असं तिला वाटलं. वाढणाऱ्या बाईने पानावरून आईला उठवलं, सगळ्यांदेखत विचारलं, "तुला कुणी बोलावलं होतं गं?" आईने ही गोष्ट मला एकदाच सांगितली, तीही अर्धीच. पण त्या पानावरून ती आयुष्यभर उठतच राहिली. कुवेतमधल्या मराठी लोकांच्या गणपतीलासुद्धा ती फोन आल्याशिवाय गेली नाही.

डिसेंबरात एकदा जिन्यात मिलेनाबाई भेटल्या. लहान मुलाने धरावा तसा आईचा हात धरून म्हणाल्या, "सिस्टर, एकोणीस तारखेला आम्ही घरी असतो." आई म्हणाली, "हो का? बरं बरं." आत आल्यावर बाबांना म्हणाली, "एकोणीसला या लोकांना सुट्टी असेल वाटतं." बस्स. मी तिथेच उभी होते. मला त्या वाक्याचा अर्थ माहीत होता. सांगायला एक मिनिटही लागलं नसतं.

मी सांगितलं नाही, कारण येलेनाचं आणि माझं भांडण झालं होतं. भूगोलाच्या तासाला बाईंनी प्रत्येकाला नकाशात आपल्या देशावर टाचणी लावायला सांगितली. येलेनाने युगोस्लावियावर लावली. मी मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हटलं, "घरी तर तुम्ही सर्ब असता. मग इथे खोटं का बोललीस? का तो देश नकाशात सापडत नाही?" पोरं हसली. येलेनाचा चेहरा पांढराफटक पडला. घरची झाकलेली गोष्ट मी चव्हाट्यावर आणली होती, हे मला कळलं, आणि कळल्यावरही मी हसत राहिले. तिने शांतपणे म्हटलं, "तुझी आई कुणीतरी आहे. तू तिला तिच्या भाषेत उत्तरसुद्धा देत नाहीस. तू कोण आहेस?" पोरं आणखी हसली, आता मला. त्यानंतर आम्ही दहा दिवस बोललो नाही.

एकोणीस तारखेला सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा समोरचं दार उघडं होतं. सताड. कुवेतमध्ये कुणी दार उघडं टाकत नाही, वाळू येते. आत कपाट सरकवून दिवाणखान्यात आणलं होतं, त्याचं दारही उघडं, आणि संत पहिल्यांदाच हवा खात होता. त्याच्यासमोर हातभर उंच, मधाच्या रंगाची मेणबत्ती. टेबलावर पांढरी चादर. मोठा गोल पाव, त्यावर कणकेच्या लहान लहान चिमण्या आणि गव्हाच्या लोंब्या. काचेच्या भांड्यात गहू. तो गहू आमच्याच डब्यातला होता. मिलेनाबाई आठवड्यापूर्वी मागून घेऊन गेल्या होत्या, आणि आई म्हणाली होती, "खीर करणार असतील." त्या निळ्या झग्यात टेबलापाशी उभ्या होत्या. मला पाहून हसल्या. मी मान खाली घालून जिना उतरले.

दुपारी आले तेव्हा दार तसंच. मेणबत्ती अर्धी. टेबलावर भाजलेलं पापलेट, कांदा घालून भाजलेला पांढरा घेवडा, भाताने भरलेल्या कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या. त्यांचा तो उपासाचा काळ होता, मांस नाही, दूध नाही, लोणी नाही. एवढं सगळं, आणि मासा सोडला तर सगळं माझ्या शाकाहारी आईला चालण्यासारखं. हे मिलेनाबाईंनी लक्षात ठेवून केलं होतं की आपोआप झालं होतं, मला माहीत नाही. एकाही ताटलीला हात लागलेला नव्हता. येलेना शाळेत आली नव्हती. ती खिडकीपाशी पाठ करून उभी होती, तिने वळून पाहिलं नाही. मिलेनाबाई उभ्याच होत्या. यजमान घरात नसताना त्याच्या वतीने त्या उभ्या होत्या, हे मला समजत होतं. आत आई रात्रपाळी करून येऊन झोपली होती, बाबा दुपारपाळीला गेलेले. मी चिमट्याने शिटी उचलून भात केला, जेवले, गणितं करत बसले. एकही सुटलं नाही.

तिसऱ्यांदा त्या दारावरून गेले ते संध्याकाळी, आईने उठल्यावर खुबूस आणायला पाठवलं तेव्हा. बेकरीशेजारी हसनचाचांचं दुकान होतं. ते रत्नागिरीकडचे, वीस वर्षं कुवेतात. मला पाहून म्हणाले, "काय गो शुभा, तुमच्या शेजारणीकडं आज काय हाय? काळ्या द्राक्षाच्या रसाच्या चार बाटल्या नेल्यान तिनं. इथं दारू मिळत नाय म्हणून रस, असं म्हनली. पावावर वतायचा असतो म्हनं." मी म्हटलं, काही नाही. "पाव्हणे लय आले असतील," चाचा म्हणाले.

"कुणीच नाही आलं," मी म्हटलं.

हसनचाचांनी हातातला डबा खाली ठेवला. "कुणीच नाय? आनि तुम्ही समोर ऱ्हाता ना गो?"

परत जिना चढताना पाय जड झाले होते. तेव्हा गुडघे चांगले होते, त्यांना दोष देता येत नाही. मेणबत्ती आता चार बोटं उरली होती. मिलेनाबाईंनी एक हात टेबलावर टेकवला होता, दिवसभर उभं राहून पाय सुजले होते. आईचे सुजतात तसेच. त्या हसल्या नाहीत. मला पाहिलं आणि दाराकडे पाहत राहिल्या.

आत आई युनिफॉर्म घालून, टोपीला पिना लावत होती. रात्रपाळीची बस सात वाजता खाली यायची. सातला दहा कमी होते. मी दारातच उभी राहिले आणि बोलायला लागले. सगळं सांगितलं. आमंत्रण देत नाहीत ते, पहिलं वर्ष ते, एक पाहुणा लागतो ते. मला माहीत होतं तेही, आणि भांडणही. मी रडत होते. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी सगळं मराठीत बोलले होते. कितीतरी दिवसांनी.

आईने शेवटची पिन लावली. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "म्हणजे सकाळपासून ती बाई उभी आहे?"

"हो."

"आणि तिने मला जिन्यात सांगितलं ते..."

"तेच."

आई उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. चार पावलं. मी तिच्याकडे पाहत होते. चाळीस वर्षांची, वीस वर्षं रोग्यांना उचलणारी, कुणालाही न घाबरणारी माझी आई त्या उंबऱ्यावर सात वर्षांची झाली होती. खाली बसचा हॉर्न वाजला. ती म्हणाली, "शुभे, कुणी विचारलं तर काय सांगू?" मी म्हटलं, "तिथे कुणी विचारत नाही, आई." तिने समोरच्या दाराबाहेर चपला काढल्या आणि आत गेली.

मी गेले नाही. मला तोंड नव्हतं. मी आमच्या दारातून पाहिलं. मिलेनाबाईंनी काचेचं भांडं पुढे केलं. आईने चमचाभर गहू तोंडात घातला, आणि सवयीने डावा हात उजव्या कोपराला लावला, प्रसाद घेताना लावतात तसा. मग मिलेनाबाईंनी पाव उचलला. तो दोघांनी धरून गोल फिरवायचा, रस ओतायचा आणि मोडायचा असतो. आईने खालून घट्ट आधार दिला, पेशंटला देते तसा. हॉर्न पुन्हा वाजला, आणखी एकदा वाजला, आणि बस गेली. इतक्या वर्षांत आईची बस पहिल्यांदाच चुकली.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. द्रागानकाका साइटवरून आले होते, भुवयांपर्यंत धुळीने पांढरे. माझ्यासमोरून गेले आणि दारात थबकले. आत पाव धरलेल्या दोघी, त्यांतली एक हिंदुस्थानी नर्स, टोपीसकट. कपाट उघडं, वडिलांचा संत बाहेर. त्यांनी मार्शलच्या फोटोकडे पाहिलं की नाही मला आठवत नाही. त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं, मोरीत जाऊन हात धुतले, खूप वेळ धुतले, आणि येऊन पावाखाली आपला हात दिला. पाव मोडला तेव्हा तिघांचे हात त्यावर होते. मग ते आईला म्हणाले, "बसा सिस्टर." आई बसली. ते उभे राहिले. दिवसभर वाळवंटात काम करून आलेला तो माणूस उभ्याने आईला वाढत होता, आणि मिलेनाबाई सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. जेवण झाल्यावर द्रागानकाकांनी द्राक्षाच्या रसाच्या थेंबाने मेणबत्ती विझवली, ती तशीच विझवायची असते, आणि कंपनीच्या जीपमधून आईला हॉस्पिटलवर सोडलं. वाटेत ते एकच वाक्य बोलले, असं आईने सांगितलं. "माझे वडील या दिवशी कधी बसले नाहीत."

पुढच्या नवरात्रात आईने घट बसवला. दिवा तीनदा विझला आणि तिने तो तीनदा लावला. पाय तसेच बादलीत, पण "जमत नाही" म्हणाली नाही.

टाकीचं काम संपलं आणि ते लोक गेले. येलेनाशी मी पुन्हा बोलायला लागले होते, पण माफी मागायची राहिली. आधी पत्रं, मग आखातात युद्ध झालं, आम्ही नेसत्या वस्त्रानिशी परतलो, आणि त्यांच्याकडचंही सुरू झालं. पत्ता हरवला. गेल्या वर्षी तिने मला कुठून कुठून शोधून फोन केला. आता आम्ही दोघी साठीच्या पुढच्या, दोघींच्याही आया गेलेल्या. ती सांगत होती, न हलता तिचा देश तीनदा बदलला, पासपोर्टवर चार नावं झाली. नकाशात आता सर्बिया सापडतो, असं म्हणून ती हसली. मला हसता आलं नाही. जवळपास पन्नास वर्षं मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं. मला सकाळपासून माहीत होतं गं, येलेना. मी तीनदा दारावरून गेले.

"आईला ठाऊक होतं," ती म्हणाली. "म्हणून तर ती संध्याकाळपर्यंत उभी राहिली. नाहीतर दुपारीच दार लावणार होती. म्हणाली, ती पोर मान खाली घालून जाते आहे, म्हणजे तिला कळलंय. ती आणेल कुणालातरी. आणि तू आत आली नाहीस, म्हणून आई मरेपर्यंत दर वर्षी दाराजवळच्या स्टुलावर वाटीत गहू काढून ठेवायची. शुभाचा. आता मी ठेवते."

मग फोन ठेवायच्या आधी तिने सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "एकोणीस तारखेला आम्ही घरी असतो."

या खेपेला मी आईसारखं "बरं बरं" म्हटलं नाही. मी विचारलं, "जिना आहे का तुमच्याकडे?"

"दोन मजले," येलेना म्हणाली. "सावकाश चढ. दार उघडंच असतं."